बालेवाडीचा इन-चार्ज

आधी खेळाडू, मग कोच, मग ‘तात्पुरता’ कोच, मग पुन्हा तात्पुरता... देशाच्या फुटबॉल टीमच्या खुर्चीपर्यंत पोचलेल्या खालिद जमीलच्या करिअरचा एक अख्खा चॅप्टर आपल्या बायपासला लागून घडलाय. आपण तेव्हा बहुतेक ट्रॅफिकमध्ये होतो!

शनिवारी रात्री वाकड-हिंजवडीच्या कुठल्याही पबमध्ये जा. आर्सेनलची मॅच असेल तर टेबल मिळणं मुश्कील. पिंपळे सौदागरला राहणारा, दिवसभर कोडिंग करून आलेला एखादा पोरगा तुम्हाला पेप गार्डिओला फुलबॅकला मिडफिल्डमध्ये का खेचतो, ते टिश्यू पेपरवर बाण काढून समजावेल. त्याला फक्त एवढंच विचारा, की २०२५ मध्ये भारताच्या टीमचा कोच झालेला माणूस त्याआधी कुठे कुठे होता? ऐजॉल, कोलकाता, जमशेदपूर... इथपर्यंत एखादा हुशार गडी पोचेलही. पण २०११ नंतरची काही वर्षं त्या माणसाचं ‘होम ग्राउंड’ या टेबलापासून दहा मिनिटांवर होतं, असं सांगितलंत तर समोरचा ग्लास खाली ठेवेल.

बालेवाडी, हो. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं, २००८ च्या कॉमनवेल्थ युथ गेम्ससाठी पुन्हा नटवलेलं ते स्टेडियम. आपल्यापैकी बहुतेकांसाठी ती फक्त ‘मॅपवर रस्ता लाल होतो ती जागा’.

१ ऑगस्ट २०२५ ला अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं खालिद जमील यांचं नाव जाहीर केलं. या एका पोस्टसाठी १७० अर्ज आले होते. त्यातून तीन नावं उरली. भारताला आधी दोनदा कोचिंग केलेले इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाईन, स्लोव्हाकियाचे स्टेफान तारकोविच आणि आपले खालिद. २०१२ मध्ये गोव्याचे सावियो मेदेरा पायउतार झाले, त्यानंतर या खुर्चीवर एक डच, एक इंग्लिश, एक क्रोएशियन आणि एक स्पॅनिश असे चार साहेब बसून गेले होते. तेरा वर्षांनी पुन्हा भारतीय माणूस. दोन वर्षांचं काँट्रॅक्ट, आणि काम पटलं तर तिसरं. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखंच.

आता एक छोटंसं ‘एचआर’ क्लॅरिफिकेशन. प्रीमियर लीगच्या भाषेत या पोस्टला ‘मॅनेजर’ म्हणतात. आपल्याकडे टीमचा मॅनेजर म्हणजे विमानाची तिकिटं, हॉटेलच्या खोल्या आणि पासपोर्ट सांभाळणारा गृहस्थ. टीम निवडणारा, हरल्यावर शिव्या खाणारा आणि नोकरी जाणारा तो कोच. त्यामुळे पुढे ‘कोच’च म्हणूया. मॅनेजर आपल्या ऑफिसात आहेतच की भरपूर!

सीव्हीवरच्या टीम्स गायब!

खालिदचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. आखाती युद्धानं तिथल्या हजारो भारतीय कुटुंबांना गाशा गुंडाळायला लावला, तसं हेही कुटुंब भारतात आलं आणि पोरगा मुंबईच्या मैदानांवर वाढला. मिडफिल्डर. शांत डोक्याचा. विशीत महिंद्राच्या टीममध्ये, पुढे भारताच्या टीममध्ये. कोलकात्याच्या दोन्ही बड्या क्लबांनी बोलावलं होतं. त्या काळी ईस्ट बंगाल आणि मोहन बागान दोघांच्याही जर्सीवर मद्य कंपन्यांची नावं होती. हे नाव छातीवर घेऊन मी खेळणार नाही, म्हणून त्यानं नकार दिला. त्या काळी भारतात फुटबॉलपटूचं नाव आणि पैसा दोन्ही कोलकात्यातच मिळायचं, म्हणजे हा नकार स्वस्तातला नव्हता. ऑफर लेटर नाकारताना आपण कायकाय कारणं देतो ते आठवून बघा.

महिंद्रानंतर एअर इंडिया, मग मुंबई एफसी. शेवटी दुखापतींनी पायाचं काम थांबवलं.

या तीन टीम्सचं पुढे काय झालं, ते आपल्या भागातल्या वाचकानं जरा थांबून वाचावं. महिंद्राची टीम १९६२ पासूनची. २००५-०६ मध्ये ती नॅशनल फुटबॉल लीगची चॅम्पियन झाली, त्याच मोसमात फेडरेशन कपही जिंकला. २०१० मध्ये कंपनीनं सीनियर टीम बंद केली आणि शाळकरी फुटबॉलकडे मोर्चा वळवला. त्याच सुमारास आपल्या चाकणमध्ये महिंद्राचा मोठा प्लँट सुरू झाला. दोन्हींचा एकमेकींशी संबंध जोडायचं कारण नाही. पण चाकणला शिफ्ट करणाऱ्या किती जणांना माहीत असेल, की आपल्या कंपनीकडे कधीकाळी देशातली नंबर एक फुटबॉल टीम होती? एअर इंडियाची टीम २०१३ मध्ये आय-लीगमधून बाहेर गेली. मुंबई एफसी २०१७ नंतर संपली. खालिद जमील यांच्या सीव्हीवरच्या तिन्ही टीम्स आज नाहीत. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनसाठी फोन करायचा तर कुणाला करणार?

कंपनीच्या टीमला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्या जमान्यात एक गोष्ट होती, पाय गेले तरी टेबल मिळायचं. स्पोर्ट्स कोट्यातून लागलेला माणूस खेळ संपल्यावर अकाउंट्सला नाहीतर कार्गोला बसायचा, पेन्शनपर्यंत. ती सोय गेल्यावर बत्तिशीतला माजी फुटबॉलपटू काय करतो? बहुतेकांचं उत्तर ‘काहीही’ असं असतं. काही थोडे कोचिंगचं लायसन्स काढायला घेतात. डी, सी, बी, ए आणि वर प्रो, अशा पायऱ्या. प्रत्येक पायरीला परीक्षा आणि फी, दोन पायऱ्यांमध्ये वर्षांची वाट. आपल्याकडे एमबीए नोकरी करत करत करतात ना, तसंच.

‘तो’चा ‘ते’ झाला...

मराठी क्रीडा पानांचा एक गमतीदार नियम आहे. खेळाडू कितीही मोठा असो, तो ‘तो’ असतो. कोच झाला की एका रात्रीत ‘ते’! २००९ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, खालिद जमील ‘ते’ झाले. मुंबई एफसीचे इंग्लिश कोच डेव्हिड बूथ गेले आणि कालपर्यंत ज्यांच्यासोबत ड्रेसिंग रूममध्ये बसायचे, त्याच पोरांचे खालिद बॉस झाले. ज्यांना टीममधून अचानक टीम लीड केलंय त्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको.

मुंबई एफसीकडे पैसा बेताचा. ट्रॉफीचं स्वप्न कुणी दाखवत नव्हतं. टार्गेट एकच, खाली घसरायचं नाही. आय-लीगमध्ये १४ टीम्स, २६ मॅचेस, तळाच्या टीम्स सेकंड डिव्हिजनमध्ये. त्यात कूपरेज मैदानाचं काम निघालं आणि टीमचं घरच गेलं. मग एक्स्प्रेस-वे पकडून सुमारे दीडशे किलोमीटरवर, बालेवाडीला, ‘होम’ मॅचेस. अॅवे मॅचला परगावी, होम मॅचलाही परगावी! गॅलरीत आपली माणसं नाहीत. मॅच बऱ्याचदा दुपारच्या उन्हात, कामाच्या दिवशी. ज्यांनी यावं ती मंडळी हिंजवडीच्या एसीत.

याच मैदानावर, त्याच वर्षांत, दुसऱ्या डगआउटमध्ये डेरिक परेरा उभे असायचे. गोव्याचे, साळगावकरचे आणि भारताचे एकेकाळचे डिफेंडर. महिंद्राला २००५-०६ चा डबल मिळवून दिला तो यांनीच. २००९ मध्ये ते पुणे एफसीला आले आणि पहिल्याच आय-लीग मोसमात नव्या कोऱ्या टीमला तिसरं आणून दाखवलं. २०१२-१३ मध्ये तर दुसरे, चर्चिल ब्रदर्सच्या मागे. त्या टीममध्ये दक्षिण सुदानचा जेम्स मोगा गोल ठोकायचा आणि मिडफिल्डला अराटा इझुमी असायचा, आई जपानी आणि वडील गुजराती असलेला, भारताकडून खेळता यावं म्हणून जपानचं नागरिकत्व सोडलेला. अशी माणसं आपल्या गावात राहत होती, राव! पुणे एफसीची अकादमी तर थेट आपल्या हद्दीत, किवळ्याजवळ मामुर्डीला. आशिक कुरुनियनसारखा पुढे भारताकडून खेळलेला पोरगा तिथे घडत होता.

थोडक्यात, २०१२-१३ मध्ये वाकडच्या पुलापलीकडे भारतातले दोन चांगले कोच एकाच गवतावर दोन वेगळ्या नोकऱ्या करत होते. डेरिक चॅम्पियनशिपच्या मागे, खालिद टिकण्याच्या मागे. माझं मत विचाराल तर दुसरी नोकरी जास्त अवघड. जिंकणाऱ्या टीमचं सगळे कौतुक करतात. तळाशी न जाणाऱ्या टीमला कोण हार घालतं? तुमच्या ऑफिसातही सर्व्हर न पडू देणाऱ्या माणसाचं नाव अॅन्युअल डेला कुणी घेत नाही, तो सुटीवर गेला की मगच कळतं.

खालिद यांच्या बाबतीतही तसंच कळलं. सात वर्षं त्यांनी मुंबई एफसीला वरच्या लीगमध्ये ठेवलं. फुटबॉल देखणा नव्हता. आधी मागची फळी बंद, मग लांब पास, मग कॉर्नर आणि फ्री किक. जाणकार नाक मुरडायचे. २०१६ मध्ये क्लबनं नवा विचार करायचं ठरवलं आणि खालिद बाहेर पडले. पुढच्याच मोसमात, २०१६-१७ ला, मुंबई एफसी लीगमध्ये शेवटची आली, घसरली आणि परत दिसली नाही.

त्या मोसमात पहिलं कोण आलं? तीच तर धमाल आहे.

डोंगरावरची अप्रेझल

ऐजॉल एफसी. मिझोरामची टीम, आदल्या मोसमात रेलिगेट झालेली. गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं म्हणून जागा रिकामी झाली आणि ऐजॉलला परत आत घेतलं गेलं. मुंबईतून काढलेला कोच आणि लीगमधून काढलेली टीम, अशी ती जोडी जमली. खालिद जाताना मुंबई एफसीतले काही विश्वासू गडी घेऊन गेले. त्यात आपला मुंबईकर जयेश राणे होता, आशुतोष मेहता होता. सीरियाचा महमूद अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जरियन मधली फळी सांभाळायला. बाकी सगळी स्थानिक मिझो पोरं, फुटबॉल श्वासासारखा असणारी.

फॉर्म्युला तोच, बालेवाडीत घासूनपुसून पक्का केलेला. आधी हरायचं नाही. फक्त आता पुढे धावणारे पाय जास्त वेगवान होते आणि गॅलरी भरलेली होती. २२ एप्रिल २०१७ ला ऐजॉलमध्ये मोहन बागानला १-० नं हरवलं, झोहमिंगलियाना राल्टेच्या हेडरनं. मग ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध एक पॉइंट हवा होता. सुरुवातीलाच गोल खाल्ला. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलानं बरोबरी साधली. १-१. ऐजॉल ३७, मोहन बागान ३६. ईशान्येतला पहिला क्लब देशाचा चॅम्पियन!

लेस्टर सिटीनं इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग जिंकून तेव्हा वर्षच झालं होतं, त्यामुळे पेपरवाल्यांना हेडिंग रेडिमेड मिळालं. पण लेस्टरचे रानिएरी त्याआधी चेल्सी, युव्हेंटस, इंटर करून आले होते. आपला माणूस ‘होम मॅच’ला एक्स्प्रेस-वेचा टोल भरून आला होता. तुलना करायचीच तर नीट करा.

आणि बक्षीस? त्याच वर्षी आयएसएलमध्ये दोन नवे क्लब घेतले गेले. बेंगळुरू आणि टाटा स्टीलचं जमशेदपूर. चॅम्पियन ऐजॉल बाहेरच. तिथे जायला पॉइंट नव्हे, पैसे लागत होते.

कोलकात्याचं पटकन आटपूया, कारण तिथे फार काही घडलं नाही. २०१७-१८ ला ईस्ट बंगाल, २०१९ च्या सुरुवातीला मोहन बागान. आय-लीगची ट्रॉफी नाही, डोक्यावर टेक्निकल डायरेक्टर, गेटबाहेर संतप्त पब्लिक. तिथे भलेभले भाजून निघतात.

ॲक्टिंग, ऑफिशिएटिंग, इंटरिम...

चाकणच्या प्लँटमध्ये ‘शिफ्ट इन-चार्ज’ म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक असतं. जबाबदारी पूर्ण, ग्रेड जुनीच. भारतीय कोचचं आयएसएलमधलं स्थान नेमकं हेच होतं. २०१४ ला आयएसएल आली ती परदेशी कोच घेऊनच. बालेवाडीचंच उदाहरण घ्या. एफसी पुणे सिटीकडे इटलीचे फ्रँको कोलोम्बा आले, मग चक्क डेव्हिड प्लॅट, मग हबास, मग पोपोविच, मग मिगेल एंजेल पोर्तुगाल. २०१८ च्या मोसमात पोर्तुगालसाहेबांना सुरुवातीलाच नारळ मिळाला आणि टीम प्रद्युम्न रेड्डी यांच्या हाती आली. तात्पुरती! इंग्लंडहून फिल ब्राऊन येईपर्यंत. २०१९ ला क्लबच हैदराबादला गेला.

खालिद यांचंही हेच. नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये असिस्टंट म्हणून गेले. २०२० मध्ये हेड कोच गेले, मोसमाच्या शेवटी खालिद इन-चार्ज. पुढच्या मोसमासाठी स्पेनचे जेरार्ड नुस आले, खालिद पुन्हा असिस्टंट. जानेवारी २०२१ मध्ये नुस गेले, खालिद पुन्हा इन-चार्ज! आणि मग लीगमधल्या सलग दहा मॅचेस न हरता टीम सेमी फायनलला. भारतीय कोचनं आयएसएलच्या प्लेऑफला टीम नेण्याची ती पहिली वेळ. तेव्हा कुठे, २०२१ च्या ऑक्टोबरात, ‘इंटरिम’ हा शब्द पुसला गेला. आयएसएलमधला पहिला पूर्णवेळ भारतीय हेड कोच. पुढचा मोसम वाईट गेला, टीम दहावी आली, तो भाग वेगळा. परदेशी कोचचा मोसम वाईट गेला तर त्या कोचचं चुकतं. भारतीय कोचचा गेला तर ‘भारतीय कोच नकोतच’ असं ठरतं. हा हिशोब कुणी कागदावर लिहीत नाही, पण मीटिंग रूममध्ये बसलेल्या प्रत्येकाला तो येतो.

गोव्याचंही असंच. २०२० मध्ये सर्जियो लोबेरा गेल्यावर क्लिफर्ड मिरांडा यांनी तात्पुरत्या पदावर राहून एफसी गोवाला लीगची शील्ड मिळवून दिली. २०२३ मध्ये ओडिशाला सुपर कप जिंकून दिला तोही तात्पुरत्या पदावरूनच. आणि आपले डेरिक परेरा? पुणे एफसी, मग साळगावकर, मग पुन्हा पुण्यात डीएसके शिवाजीयन्स (तीही टीम आता नाही), मग चर्चिल. डिसेंबर २०२१ मध्ये हुआन फेरांडो भर मोसमात मोहन बागानकडे गेले, तेव्हा एफसी गोवाचा चार्ज डेरिक यांच्याकडेच आला. घर पेटलं की आठवतो तो माणूस.

खालिद मात्र थांबले नाहीत. नॉर्थईस्टनंतर एक पायरी खाली उतरून बेंगळुरू युनायटेड घेतला. २०२३ च्या अखेरीस जमशेदपूरनं बोलावलं, पुन्हा मोसमाच्या मधेच. महिंद्राच्या टीममधला पोरगा टाटांच्या टीमचा कोच! २०२४-२५ ला जमशेदपूर पाचवं आलं, सेमी फायनलला मोहन बागानला घरच्या मैदानावर २-१ नं हरवून परतीच्या मॅचला गारद झालं, सुपर कपची फायनल खेळलं. महासंघाचा ‘कोच ऑफ द इयर’ सलग दोन वर्षं त्यांच्याकडे. प्रेस कॉन्फरन्सला मात्र तेच दोन वाक्यांचं उत्तर. पत्रकार मंडळी यावर वैतागतात. मला विचाराल तर बोलका डगआउट आणि मुका स्कोअरबोर्ड यांचा आपल्याला कंटाळा यायला हरकत नव्हती.

देशाच्या टीमसोबत पहिली स्पर्धा ताजिकिस्तानात, सीएएफए नेशन्स कप. मोहन बागाननं खेळाडू सोडले नाहीत, सुनील छेत्री टीममध्ये नव्हता. २९ ऑगस्ट २०२५ ला यजमान ताजिकिस्तानला २-१ नं हरवलं. गोल अन्वर अली आणि संदेश झिंगनचे, दोघंही डिफेंडर! म्हणजे स्टाइल ओळखीचीच. इराणकडून ०-३, अफगाणिस्तानशी ०-०, आणि तिसऱ्या स्थानासाठी क्रमवारीत बरंच वर असलेल्या ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं. ऑनलाइन एकदम ‘खालिदसर’ सुरू झालं.

सहा आठवड्यांत ते थांबलंही. आशियाई कपच्या पात्रता फेरीत सिंगापूरला जाऊन १-१ केलं, पण १४ ऑक्टोबरला गोव्यात, आपल्याच मैदानावर, १-२ नं हरलो आणि आशियाई कपचं दार बंद झालं. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. यातला बराचसा खड्डा त्यांनी खणलेला नव्हता. गटातल्या पहिल्या दोन मॅचेस त्यांच्या आधीच्या कोचच्या काळात झाल्या होत्या, आणि मिळाला होता एक पॉइंट. त्यात २०२५-२६ ची आयएसएल वेळेवर सुरूच झाली नाही, त्यामुळे खेळाडूंच्या पायात मॅच नव्हती. तरी सिंगापूरविरुद्ध आघाडी घेतल्यावर टीम मागे का सरकली, हा प्रश्न त्यांना विचारलाच पाहिजे. टिकायची सवय सात वर्षं लावून घेतली की पुढे असतानाही माणूस टिकायलाच बघतो का? बालेवाडीत एक पॉइंट म्हणजे पगार होता. देशाच्या जर्सीत त्या एका पॉइंटला तेवढी किंमत उरत नाही. हे त्यांना उमगायला किती मॅचेस मिळतात, यावर पुढची दोन वर्षं ठरतील, आणि कदाचित पुढच्या भारतीय कोचचा अर्जही.

जमशेदपूरची खुर्ची मात्र २०२५ मध्ये रिकामी झाली. ती सांभाळायला क्लबनं घरातलाच माणूस पुढे केला, स्टीव्हन डायस. मुंबईचा विंगर, भारताकडून खेळलेला, २००६ ची नॅशनल लीग जिंकणाऱ्या महिंद्रात डेरिक परेरांच्या हाताखाली धावलेला, आणि जमशेदपूरमध्ये खालिद यांचा असिस्टंट. त्या वर्षीच्या सुपर कपला टीमशीटवर त्याच्या नावापुढे ‘हेड कोच’ लिहिलं होतं. त्याच्याआधी एक शब्द होता, इंटरिम.